ज्यू साहित्य वाचायचंय, पण सुरुवात कुठून? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या वाचनकट्ट्यावर सलग वर्षभर आम्ही फक्त ज्यू लेखक वाचले. तेव्हापासून ओळखीचे लोक फोनवर, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर दवाखान्याच्या रांगेत मला तेच तेच प्रश्न विचारतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतो. मी प्राध्यापक नाही, नुसता वाचणारा आहे. आवडीनिवडी माझ्या आहेत आणि त्या मी लपवणार नाही.

ज्यू साहित्य म्हणजे धर्मग्रंथ का?

नाही. बायबलचा जुना करार, तालमूद हे सगळं मागे उभं असतंच, जसं आपल्या लेखकाच्या मागे महाभारत उभं असतं. पण इथे आपण बोलतोय ते कथा, कादंबरी, कविता आणि नाटकाबद्दल. गंमत अशी की या साहित्याला एक भाषा नाही. शोलेम अलेखेम यिडिशमध्ये लिहितो, काफ्का जर्मनमध्ये, इसाक बाबेल रशियनमध्ये, ब्रुनो शुल्झ पोलिशमध्ये, प्रिमो लेव्ही इटालियनमध्ये, अमोस ओझ हिब्रूत आणि फिलिप रॉथ इंग्रजीत. त्यामुळे ज्यू लेखकाचं पुस्तक हातात घेतलं की माझा पहिला प्रश्न असतो, हा माणूस या भाषेत का लिहितोय? हिच्याऐवजी कुठली भाषा त्याने सोडली? बऱ्याचदा अर्धी गोष्ट त्या उत्तरातच सापडते.

यिडिश म्हणजे हिब्रूच ना?

लिपी हिब्रू आहे, उजवीकडून डावीकडे जाणारी. भाषा मात्र वेगळी. हजारेक वर्षांपूर्वी जर्मन प्रदेशातल्या ज्यूंच्या तोंडी ती घडली. सांगाडा जर्मन बोलींचा, धर्माचे आणि विद्येचे शब्द हिब्रू-अरामाईक, आणि पुढे ही मंडळी पूर्वेला पोलंड, लिथुआनिया, युक्रेनकडे सरकली तसे स्लाव्ह भाषांमधले शब्द मिसळत गेले. घरात, बाजारात, भांडणात यिडिश. प्रार्थनेत आणि पोथीत हिब्रू. हिब्रूला ते 'लोशन-कोयदेश' म्हणत, म्हणजे पवित्र भाषा. यिडिशला 'मामे-लोशन' म्हणत. मामे म्हणजे आई, लोशन म्हणजे भाषा. शब्दशः मायबोली.

शिकलेले लोक तिला भाषाच मानायचे नाहीत. 'झारगॉन' म्हणायचे, म्हणजे मोडकंतोडकं काहीतरी. संस्कृत देवाने केली तर प्राकृत काय चोरांपासून झाली, असं एकनाथांना विचारावं लागलं होतं, त्यामुळे हा वाद मराठी वाचकाला नवा वाटू नये. 1908 साली चेर्नोवित्झला (आजच्या युक्रेनमधलं शहर) खास परिषद भरवून यिडिश ही ज्यू लोकांची 'एक' राष्ट्रीय भाषा असल्याचा ठराव झाला. 'एक' की 'एकमेव' यावर तिथे कडाक्याचं भांडण झालं होतं.

ज्यू म्हणावं की यहुदी?

दोन्ही चालतं. आपल्या कोकणातल्या समाजाबद्दल बोलत असाल तर 'बेने इस्राएल' म्हणा, ते स्वतःला तेच म्हणवतात.

सुरुवात कोणापासून करू? ॲन फ्रँकपासून?

ती डायरी तुम्ही शाळेतच वाचली असेल. आपल्याकडे ज्यू साहित्य म्हटलं की गाडी थेट छळछावणीच्या फाटकाशी जाऊन उभी राहते, आणि माझी खरी तक्रार हीच आहे. माणसं कशी मेली ते आधी कळतं. ती कशी जगत होती, कशावरून भांडत होती, उधारी कशी बुडवत होती, हे कळतच नाही. मग ते मरणही पूर्ण कळत नाही.

म्हणून आधी हसा. शोलेम अलेखेमपासून सुरुवात करा.

हे शोलेम अलेखेम कोण?

खरं नाव शोलेम राबिनोविच. जन्म 1859, युक्रेनमधलं पेरेयास्लाव. 'शोलेम अलेखेम' हा यिडिशमधला रामराम, 'तुम्हाला शांती लाभो'. अरबी 'सलाम आलेकुम'चा सख्खा भाऊ. म्हणजे या लेखकाने टोपणनावच असं घेतलं की ते घेताना आपण त्याला नमस्कार करून मोकळे होतो. उच्चारात 'ख' घशातून काढा.

सासऱ्याकडून आलेली इस्टेट त्याने कीवच्या शेअरबाजारात घातली आणि 1890 मध्ये सगळी घालवून बसला. त्याआधी हाती पैसा असताना त्याने यिडिश लेखकांना बरं मानधन देऊन एक देखणं वार्षिक काढलं होतं, त्याचे दोनच अंक निघाले. आणखी एक विसंगती सांगतो. यिडिशचा हा सगळ्यात लाडका लेखक घरी बायको-मुलांशी रशियन बोलायचा.

13 मे 1916 ला तो न्यूयॉर्कमध्ये गेला. अंत्ययात्रेला लाखाहून जास्त लोक होते. त्याला 13 आकड्याची धास्ती होती. हस्तलिखितात बाराव्या पानानंतर तो '12अ' लिहायचा. त्याच्या थडग्यावरही मृत्यूची तारीख तशीच कोरली आहे.

त्याचं आधी काय वाचू?

मेनाखेम-मेंडलची पत्रं. 1892 पासून वीसेक वर्षं तो ती अधूनमधून लिहीत होता. मेनाखेम-मेंडल घर सोडून ओडेसाला गेलाय आणि तिथून बायकोला, शेयने-शेयंडलला, पत्रं लिहितोय. प्रत्येक पत्राची सुरुवात ठरलेली: पत्रास कारण की मी देवाच्या कृपेने सुखरूप आहे, तिकडची खुशाली कळवावी. आणि मग 'दुसरं असं की'. या 'दुसरं असं की'मध्ये माणूस बुडतो. आधी चलनाचा सट्टा, मग शेअर, मग साखर, मग लाकूड. दर पत्रात तो उद्या लखपती होणार असतो. बायको उलट टपाली लिहिते की पोरं आजारी आहेत, घरी ये, आणि दर वेळी 'माझी आई म्हणते तसं' म्हणून एक झणझणीत म्हण हाणते. पुढे तो लग्नं जुळवायला लागतो. दुसऱ्या गावच्या मध्यस्थाशी तारांवर तारा होतात, हुंडा ठरतो, दोन्ही घरची मंडळी जमतात, आणि तेव्हा कळतं की दोघांनीही मुलीच आणल्यात. नवरामुलगा कोणाकडेच नाही.

चिमणराव वाचून मोठे झालेल्यांना हे फार जवळचं वाटेल. फरक इतकाच की इथे हसून झाल्यावर पोटात खड्डा पडतो, कारण त्या बाईकडे खरंच पैसे नसतात.

'फिडलर ऑन द रूफ' पाहिलाय. मग तेव्येच्या गोष्टी वाचायलाच हव्यात का?

हव्यात. ते संगीतक 1964 चं, सिनेमा 1971 चा, दोन्ही गोड आहेत. शोलेम अलेखेमच्या मूळ गोष्टी 1894 पासून सुमारे वीस वर्षं एकेक करून आल्या आणि त्या इतक्या गोड नाहीत. तेव्ये दूधवाला आहे. उन्हाळ्यात शहरातले श्रीमंत लोक बंगल्यांवर राहायला येतात, त्यांना तो दूध, लोणी, चीज घालतो. प्रत्येक गोष्ट म्हणजे तेव्येने खुद्द शोलेम अलेखेमला गाठून केलेलं स्वगत. बोलताना दर दोन वाक्यांनी शास्त्रवचन येतं आणि त्याचा तो सोयीस्कर, वाकडा अर्थ लावतो. अडाणी म्हणून चुकतोय की मुद्दाम, हे शेवटपर्यंत कळत नाही. मला विचाराल तर मुद्दाम.

सिनेमात ज्या मुली जवळजवळ दिसतच नाहीत, त्यांच्याही कथा पुस्तकात आहेत. श्प्रिंत्से पाण्यात जीव देते. बेयल्के बापाला सुख मिळावं म्हणून एका नवश्रीमंताशी लग्न करते. बायको गोल्डे मरते. आणि घरदार सोडताना तेव्ये अमेरिकेला निघालेला नसतो. हिलेल हाल्किन यांचं 1987 चं इंग्रजी भाषांतर घ्या. त्याच पुस्तकात त्याच्या रेल्वेच्या गोष्टीही आहेत, एका फिरत्या विक्रेत्याने डब्यात ऐकलेल्या. शेवटच्या गोष्टीत तो सल्ला देतो की प्रवास करायचा तर थर्ड क्लासनेच करा. लोकलने जाणाऱ्यांना कारण सांगायला नको.

यिडिशचे तीन 'अभिजात' लेखक म्हणतात ते कोण?

दुसरे शोलेम अलेखेम. पहिले मेंडेले आणि तिसरे पेरेत्झ.

मेंडेले मोयखेर स्फोरिम, म्हणजे 'पुस्तकं विकणारा मेंडेले'. खरं नाव अब्रामोविच. 1864 साली त्यांची पहिली यिडिश गोष्ट एका साप्ताहिकात छापून आली तेव्हा नाव लावायची लाज होती, म्हणून घोडागाडीतून गावोगाव पोथ्या विकणाऱ्या म्हाताऱ्याचं सोंग घेतलं. पुढे सोंगच खरं नाव होऊन बसलं. शोलेम अलेखेमने त्यांना 'आजोबा' म्हटलं तेव्हापासून ते यिडिश साहित्याचे आजोबा. 'तिसऱ्या बेंजामिनचा प्रवास' (1878) ही त्यांची छोटी कादंबरी वाचा. दोन खुळे घरातून पळून पवित्र भूमी शोधायला निघतात आणि फार लांब पोचत नाहीत. मेंडेले आधी हिब्रूत लिहायचे, मग यिडिशकडे वळले, नंतर स्वतःचीच यिडिश पुस्तकं पुन्हा हिब्रूत लिहून काढली. आधुनिक हिब्रू गद्यालाही त्यातून वळण लागलं.

आणि पेरेत्झ?

यित्झोक लेबुश पेरेत्झ (1852–1915) मूळचे झामोशचचे वकील. सरकारने सनद काढून घेतल्यावर वॉर्सात ज्यू पंचायतीच्या कचेरीत कारकुनी केली. त्यांच्या घरी नवे लेखक गोष्टी वाचून दाखवायला यायचे, त्यातले कित्येक पुढे नावाजले. पेरेत्झ नुसतं गावाकडचं लिहीत नाहीत. ते लोककथा उचलतात आणि तिच्या आत सुरुंग ठेवतात.

'बोंचे श्वायग' ही 1894 ची कथा दहा-बारा पानांची आहे. 'श्वायग' म्हणजे गप्प. बोंचे हमाल. जन्मभर ओझी वाहिली, मार खाल्ला, मजुरी बुडाली, बायको पळाली, गाडीखाली आला. पण कधी तक्रार केली नाही, देवाकडेही नाही. मेला तेव्हा पृथ्वीवर कोणाला पत्ता लागला नाही, वर मात्र जल्लोष. देवदूत स्वागताला धावतात, सोन्याची खुर्ची. बोंचे घाबरून मान वर करत नाही. त्याला वाटतं, माणूस चुकलाय यांचा. खटला उभा राहतो. बचावाचा वकील त्याचं आयुष्य वाचून दाखवतो. फिर्यादी उभा राहतो, दोनदा सुरुवात करतो आणि थांबतो. म्हणतो, हा गप्प राहिला, मीही गप्प राहतो. न्यायाधीश म्हणतात, बाळ, तुझा निवाडा करायचा आमचा अधिकार नाही. स्वर्गातलं सगळं तुझं आहे, हवं ते माग.

बोंचे पहिल्यांदा नजर वर करतो. खरंच? खरंच. मग म्हणतो, असं असेल तर मला रोज सकाळी एक गरम पाव द्या, ताजं लोणी लावून.

देवदूत आणि न्यायाधीश माना खाली घालतात. फिर्यादी हसतो.

आमच्या कट्ट्यावर ही कथा वाचली तेव्हा निम्म्या लोकांचे डोळे भरून आले. किती साधा माणूस, संतच. तेव्हा युनियनमध्ये आयुष्य घातलेले एक काका उसळून म्हणाले, "संत कसला? याला मागता येत नाही. मागायचं असतं हेच याला कोणी शिकवलं नाही. ते हसणं ऐकू येत नाही का तुम्हाला?" काकांचं बरोबर आहे असं मला वाटतं. ही कथा सहनशीलतेचं कौतुक म्हणून शतकभर वाचली गेलीय आणि कामगारांच्या सभांतही वाचली गेलीय.

ती पचली की 'याहूनही वर नसेल तर' वाचा. नेमिरोवचा रब्बी सणाआधीच्या दिवसांत पहाटे गायब होतो. गाव म्हणतं, स्वर्गात जातो. लिथुआनियाकडून आलेला एक चिकित्सक माणूस त्याच्या पलंगाखाली लपून बसतो. रब्बी शेतकऱ्याचे कपडे चढवतो, कुऱ्हाड घेतो, जंगलात लाकूड तोडतो आणि एका आजारी गरीब बाईच्या दारात 'वासिल लाकूडवाला' म्हणून उभा राहतो. तिच्याकडे पैसे नाहीत. उधार घे, म्हणतो. चूल कोण पेटवणार? तीही तोच पेटवतो, तोंडाने हळूहळू त्या दिवसाची प्रार्थना पुटपुटत. त्यानंतर कोणी म्हणालं की रब्बी स्वर्गात जातो, तर हा चिकित्सक हसत नाही. हळूच म्हणतो, त्याहूनही वर जात नसेल तर.

बायका लिहीत नव्हत्या का?

लिहीत होत्या, आणि वाचत तर पुरुषांपेक्षा जास्त होत्या. मुलग्यांना हिब्रू शिकवायचे, मुलींना बहुधा नाही. म्हणून यिडिशमध्ये छापलेलं पुस्तक आधी बाईच्या हातात गेलं. सतराव्या शतकापासून घरोघर असलेला 'त्सेने-रेने' हा बायबलच्या कथांचा यिडिश ग्रंथ बायका शनिवारी दुपारी मोठ्याने वाचत. हामेल्नची ग्लिकेल ही व्यापार करणारी विधवा. नवरा गेल्यावर रात्री झोप येईना म्हणून 1691 मध्ये तिने आठवणी लिहायला घेतल्या. मुलांची लग्नं, हुंडे, मोत्यांचा धंदा, रोगराई, सगळं त्यात आहे. कादंबरीसारखं वाचवतं.

विसाव्या शतकात काद्या मोलोदोव्स्की, आना मार्गोलिन, त्सिल्या द्रोपकिन या कवयित्री आल्या. 1928 मध्ये शिकागोत निघालेल्या एका संग्रहात सत्तर यिडिश कवयित्री होत्या. मोलोदोव्स्कीची 1945 ची एक कविता आहे, त्यात ती देवाला म्हणते: दयाळू देवा, आता दुसरे लोक निवड. आम्ही मरून दमलो. खावा रोझेनफार्ब स्वतः पोलंडमधल्या लोद्झच्या घेट्टोतून, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीतून, आणि आउश्वित्झच्या छळछावणीतून वाचली आणि पुढे कॅनडात बसून त्या घेट्टोवर तीन खंडांची कादंबरी लिहिली.

आयझॅक बाशेविस सिंगर हे एकच नाव ऐकलंय. तेवढं पुरे का?

1978 चं नोबेल. यिडिश लेखकाला मिळालेलं तेवढं एकच. वॉर्साच्या क्रोखमाल्ना गल्लीत वाढले, 1935 मध्ये न्यूयॉर्कला आले, जन्मभर 'फोर्व्हर्ट्स' या यिडिश वर्तमानपत्रात लिहीत राहिले. भुतं, वासना, रब्बी, शाकाहार असं सगळं त्यांच्यात भेटतं. 'गिम्पेल' ही त्यांची कथा 1953 मध्ये सॉल बेलो यांनी इंग्रजीत आणली आणि अमेरिकेला सिंगर कळले. गिम्पेल पाववाला, गाव त्याला फसवतं, बायको फसवते, तो विश्वास ठेवत राहतो.

पण तेवढं पुरे नाही. थोरला भाऊ इस्राएल योशुआ सिंगर आधी मोठा लेखक होता. धाकट्याने वेगळेपणासाठी आईच्या बाशेवा या नावावरून 'बाशेविस' लावलं. आणि बहीण एस्थर क्राइटमन हिने या दोघांच्याही आधी लेखणी उचलली होती. तिची हस्तलिखितं फाडली गेली, अँटवर्पच्या एका हिरे घासणाऱ्याशी लग्न लावून दिलं. 1936 मध्ये तिची कादंबरी निघाली. ती वाचली की तेच घर भावांच्या आठवणींत किती वेगळं दिसतं ते कळतं. मुलाचा वेष घेऊन पाठशाळेत शिकणाऱ्या येंटलची कथा सिंगरची आहे. तिच्यावर निघालेला सिनेमा मात्र त्यांना मुळीच आवडला नव्हता.

एवढी मोठी भाषा गेली कुठे?

दुसऱ्या महायुद्धाआधी यिडिश बोलणारे एक कोटीहून जास्त होते. नाझींनी मारलेल्या साठ लाख ज्यूंमध्ये बहुसंख्य यिडिशभाषक होते. वाचक, कंपोझिटर, शिक्षक, सगळेच गेले.

पण सगळा दोष तिथे ढकलून मोकळं होता येत नाही. सोव्हिएत संघात 12 ऑगस्ट 1952 च्या रात्री मॉस्कोच्या लुब्यान्का तुरुंगात तेरा जणांना गोळ्या घातल्या. त्यात पेरेत्झ मार्किश, डोविड बेर्गेलसन यांच्यासह पाच यिडिश लेखक होते. इस्राएलमध्ये यिडिशला परागंदा काळाची, लाजेची भाषा म्हणून बाजूला सारलं. अमेरिकेत कोणी काही केलं नाही, मुलं नुसती इंग्रजी शाळेत गेली. हा शेवटचा प्रकार आपल्याला चांगला ओळखीचा आहे.

घेट्टोत असताना कोणी कसं लिहील?

विल्नाचं, म्हणजे आजच्या लिथुआनियातल्या विल्नियसचं, उदाहरण सांगतो. तिथे 1925 पासून 'यिव्हो' ही यिडिशची संशोधन संस्था होती. नाझींनी ती लुटली आणि काय जर्मनीला पाठवायचं, काय रद्दीत घालायचं ते निवडायला घेट्टोतल्याच लेखकांना कामाला लावलं. कवी अव्रोम सुत्स्केवर त्यात होता. ही मंडळी रोज संध्याकाळी कपड्यांखाली हस्तलिखितं लपवून घेट्टोत आणायची. पोटाला भाकर नसताना कागद कसले आणता, म्हणून लोक हसायचे. सुत्स्केवरने तर चुलीत जाळायला रद्दी हवी म्हणून चक्क परवाना मिळवला आणि त्या परवान्यावर शोलेम अलेखेमच्या हातची पानंही वाचवली. घेट्टोतच लिहिलेल्या एका कवितेत विल्नातल्या 'रोम' नावाच्या छापखान्याचे छपाईचे शिशाचे खिळे वितळवून बंदुकीच्या गोळ्या ओतल्या जातात.

पुढे तो जंगलात बंडखोरांत गेला, मॉस्कोहून विमान पाठवून त्याला बाहेर काढलं. फेब्रुवारी 1946 मध्ये न्यूरेंबर्गला नाझी पुढाऱ्यांवरच्या खटल्यात साक्ष दिली. त्याला यिडिशमध्ये बोलायचं होतं, बोलावं लागलं रशियनमध्ये. नंतर तेल अवीवमध्ये त्याने 'सोन्याची साखळी' नावाचं यिडिश नियतकालिक 1949 ते 1995 चालवलं.

वॉर्सात इतिहासकार इमानुएल रिंगेलब्लुम यांच्या गटाने डायऱ्या, पत्रकं, रेशनकार्डं, कविता गोळा करून लोखंडी पेट्यांत आणि दुधाच्या कॅनमध्ये पुरून ठेवल्या. एक साठा 1946 मध्ये सापडला, दुसरा 1950 मध्ये.

होलोकॉस्टवर, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारावर, एकच पुस्तक वाचायचं तर?

प्रिमो लेव्ही. तो रसायनशास्त्रज्ञ होता आणि तसंच लिहितो, आवाज न चढवता. एली वीझेलचं 'नाइट' बहुतेकांनी वाचलेलं असतं. ते आधी 1956 मध्ये ब्वेनोस आयरेसला यिडिशमध्ये निघालं होतं, बरंच लांब आणि बरंच रागावलेलं. नाव होतं 'आणि जग गप्प राहिलं'. बोंचे आठवला?

काफ्का यात कसा बसतो? त्याच्या कथांत तर ज्यू दिसतच नाहीत.

1911-12 मध्ये पोलंडकडची एक फाटकी यिडिश नाटकमंडळी प्रागच्या एका कॅफेत खेळ करत होती. काफ्का रोजच्या रोज जाऊन बसायचा. त्यातल्या एका नटाशी त्याची मैत्री झाली, ती बापाला अजिबात पसंत नव्हती. 18 फेब्रुवारी 1912 ला त्याने प्रागच्या जर्मन बोलणाऱ्या ज्यूंसमोर यिडिशवर भाषण केलं. आशय असा की तुम्हाला वाटतं त्यापेक्षा कितीतरी जास्त यिडिश तुम्हाला कळते, आणि तुम्ही भिता ती त्यालाच. त्याच वर्षी पुढे त्याने 'द मेटॅमॉर्फोसिस' लिहिलं. आता वाटेल तसा अर्थ लावा.

अमेरिकेतले कोण वाचावेत?

हेन्री रॉथचं 'कॉल इट स्लीप' (1934) सर्वांत आधी. त्यात एक युक्ती आहे: घरात यिडिश बोलली जाते तेव्हा पात्रांची इंग्रजी सुंदर, काव्यमय असते. तीच माणसं रस्त्यावर इंग्रजी बोलायला लागली की मोडकी आणि ओबडधोबड होतात. स्थलांतरिताची भाषा आतून कशी असते ते इतकं स्वच्छ मी दुसरीकडे पाहिलं नाही. मग बर्नार्ड मालामडच्या कथा. फिलिप रॉथच्या पहिल्या पुस्तकावर (1959) ज्यू वाचकच चिडले होते, घरचं धुणं चारचौघांत धुतलं म्हणून. सिंथिया ओझिकच्या 'एन्व्ही' या दीर्घकथेत एक म्हातारा यिडिश कवी आहे, त्याला भाषांतरकार मिळत नाही आणि ज्याला मिळालेत त्या प्रतिस्पर्ध्याचा तो जीव खाऊन मत्सर करतो. तो प्रतिस्पर्धी सिंगरवर बेतलाय असं सगळे समजतात. अलीकडच्यांत मायकल शेबॉन (2007) अलास्कात यिडिश बोलणारं शहर कल्पून तिथे खुनाचा तपास लावतो. मजा आहे, थोडी जास्तच.

इस्राएलचं हिब्रू साहित्य?

हा स्वतंत्र डोंगर आहे, इथे पायथाच दाखवतो. ॲग्नॉन, 1966 च्या नोबेलचे एक मानकरी. अमोस ओझचं 'अ टेल ऑफ लव्ह अँड डार्कनेस' (2002): आईबाप आपसात रशियन-पोलिश बोलायचे, पुस्तकं अनेक भाषांतली वाचायचे आणि मुलाला मात्र फक्त हिब्रू शिकवली. डेव्हिड ग्रॉसमनच्या ज्या कादंबरीला 2017 चं मॅन बुकर इंटरनॅशनल मिळालं, ती सगळी एका विनोदवीराच्या एका रात्रीच्या प्रयोगात घडते.

आपल्या मराठीचा यात काही संबंध?

आहे. पेण, रोहे, किहीम, राजपूर अशा गावांवरून पेणकर, रोहेकर, केहिमकर, राजपूरकर ही आडनावं लावणारे बेने इस्राएल शतकानुशतकं कोकणात तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत. म्हणून ते शनवार तेली. त्यांचा यिडिशशी काही संबंध नव्हता. त्यांची मामे-लोशन मराठी.

वल्हांडणाच्या सणाला वाचायची 'हग्गादा' ही पोथी 1846 मध्ये मुंबईत मराठी अर्थासह छापली गेली. 1874 च्या पुण्यातल्या प्रतीत सणाची बिनखमिराची भाकरी करणाऱ्या बायकांची चित्रं आहेत, आणि त्या बायका लुगड्यात आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी या समाजात कीर्तनं सुरू झाली. बाज आपल्या कीर्तनाचा, आख्यान अब्राहाम, योसेफ नाही तर मोशेचं. या समाजाचे लोक इस्राएलला गेले आणि तिथून त्यांनी मराठी त्रैमासिक काढलं. नाव काय ठेवलं? 'मायबोली'.

निस्सीम इझिकेल (1924–2004) याच समाजातले, मुंबईचे. इंग्रजीत लिहिणारे भारतीय कवी म्हणून ते माहीत असतात. वृंदा नाबर यांच्यासोबत त्यांनी इंदिरा संतांच्या कविता इंग्रजीत नेल्या हे फारसं कोणी सांगत नाही. 1983 चं साहित्य अकादमी त्यांना मिळालं. अहमदाबादच्या एस्थर डेव्हिड यांना 2010 मध्ये 'बुक ऑफ रेचल'साठी मिळालं: कोकणच्या किनाऱ्यावरच्या एका गावात एकटी उरलेली म्हातारी, तिचं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनागृह) आणि प्रत्येक प्रकरणाला एक पाककृती. शीला रोहेकर यांची 'मिस सॅम्युएल: एक यहूदी गाथा' हिंदीत आहे.

भाषांतरातून वाचलेलं खरं वाचन का?

शोलेम अलेखेमने मृत्युपत्रात लिहून ठेवलंय: माझ्या पुण्यतिथीला जमा, माझी एखादी खरोखर हसवणारी गोष्ट निवडा आणि तुम्हाला जी भाषा समजते त्या भाषेत मोठ्याने वाचा. परवानगी खुद्द मालकाची आहे.

श्लेमील आणि श्लिमाझल या यिडिश शब्दांत फरक काय?

श्लेमील सूप सांडतो. ते ज्याच्या अंगावर सांडतं तो श्लिमाझल. 'नेबेख' म्हणजे बिच्चारा, पुसायला धावतो तो. आणि शाप शिकायचा असेल तर हा घ्या: तुझे सगळे दात पडोत, एक राहो, आणि तो ठणको.

आज यिडिशमध्ये कोणी लिहितं का?

न्यूयॉर्क, जेरुसलेम, अँटवर्प इथल्या हासिदी (एका कर्मठ ज्यू पंथाच्या) वस्त्यांत मुलं आजही यिडिशमध्येच भांडतात. त्यांच्यासाठी गोष्टींची पुस्तकंही निघतात, फक्त ती बाहेरच्यांसाठी नसतात. त्या जगाबाहेर हौशी आणि अभ्यासक आहेत. 2020 मध्ये एका स्वीडिश प्रकाशकाने हॅरी पॉटर यिडिशमध्ये आणला, पहिली आवृत्ती दोन दिवसांत संपली. भाषांतरकाराचं नाव अरुण विश्वनाथ. वडिलांकडून तमिळ, आईकडून यिडिश पंडितांचं घराणं.

पुस्तकं मिळवू कुठून?

इंग्रजी भाषांतरं ऑनलाइन मिळतात. सुरुवातीला हाउ आणि ग्रीनबर्ग यांचा 1954 चा यिडिश कथांचा जाडजूड संग्रह जुन्या बाजारात शोधा. मूळ यिडिश हवं असेल तर अमेरिकेतल्या ॲम्हर्स्टचं यिडिश बुक सेंटर. ॲरन लान्स्की नावाच्या तरुणाने 1980 मध्ये ते सुरू केलं. जगात जेमतेम सत्तर हजार यिडिश पुस्तकं उरली असतील असा तेव्हाच्या जाणकारांचा अंदाज होता. म्हातारी माणसं माळ्यावरून काढून देत गेली, चहा आणि मासे खाऊ घालत एकेका पुस्तकाची कथा सांगत गेली, आणि आकडा दहा लाखांच्या पुढे गेला. हजारो पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. फाइल उघडल्यावर मागचं कव्हर आलंय असं वाटून ती बंद करू नका. मी दोनदा केली. ते पुढचंच कव्हर असतं.